हॉट टब घ्यायचाय? आधी दोन खुर्च्या टाका!

नव्या स्कीमच्या ब्रोशरमध्ये हल्ली एक फोटो हमखास असतो. टेरेस, जांभळट संध्याकाळ, खाली लुकलुकणारं शहर आणि मधोमध वाफाळत्या पाण्याचा टब. टबात एक कपल. दोघांच्या हातात उंच ग्लास आणि दोघांचेही केस एकदम सेट! त्यांना ना डास चावतात, ना समोरच्या विंगमधल्या काकू नेमक्या त्याच वेळी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत येतात. बघणाऱ्याला वाटतं, बस्स, आपल्या आयुष्यात एवढंच कमी आहे.

एकेकाळी हे सुख फिल्मस्टार्सच्या बंगल्यांत आणि फाइव्ह स्टार हॉटेलांत असायचं. आता लोणावळ्याच्या व्हिलापासून ते ऑनलाइन मिळणाऱ्या, हवा भरायच्या टबपर्यंत सगळ्या रेंजमध्ये ते हजर आहे. ईएमआयवरसुद्धा! त्यामुळे 'परवडेल का?' हा प्रश्न आता उरलेलाच नाही, असं सेल्समनचं म्हणणं असतं.

आमच्या घरात हा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमधून आला. आम्ही बाणेरला राहतो, अकराव्या मजल्यावर, बारा बाय दहाचं टेरेस असलेल्या टू बीएचकेमध्ये. तो हिंजवडीला आयटीत, मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. म्हणजे त्याला वेळ नाही आणि मला फिक्स पगार नाही, असं आमचं छान जमलेलं गणित. एका रविवारी तो शोरूममधून कोटेशनच घेऊन आला. चार जणांचा टब, साडेचार लाख, जीएसटी वेगळा. 'अगं, दिवसभराचा सगळा शीण जाईल,' तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत अशी चमक मी बऱ्याच दिवसांनी पाहिली होती, त्यामुळे तोंडावर 'नाही' म्हणवेना. पण मास कॉम केलेल्या माणसाला एक खोड असते. समोर प्रेस नोट आली की आपोआप प्रश्न सुचायला लागतात. म्हटलं, आधी जरा चौकशी करू या. त्या चौकशीतून जे हाती लागलं, ते तुमच्यासाठी.

आधी नावाचा घोळ

बाथटब, जकूझी आणि हॉट टब ही तीन नावं आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण फरक आहे आणि तो खिशाशी संबंधित आहे.

बाथटब म्हणजे भरा, डुंबा, बूच काढा आणि पाणी सोडून द्या. हॉट टबचं पाणी मात्र महिनोन् महिने तेच राहतं. पंप ते फिरवत ठेवतो, फिल्टर गाळतो, हीटर तापवतो आणि केमिकल्स ते स्वच्छ ठेवतात. छोटा स्विमिंग पूलच समजा. या प्रकाराची फॅशन १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिथल्या हौशी मंडळींनी वाईनची जुनी लाकडी पिंपं आणून त्यात गरम पाणी भरलं आणि स्वतःही उतरले!

आणि जकूझी हा पदार्थ नव्हेच, ते एका कुटुंबाचं आडनाव आहे. इटलीहून अमेरिकेत गेलेले हे जकूझी बंधू विमानांचे पंखे बनवायचे आणि नंतर शेतीच्या पंपांच्या धंद्यात उतरले. त्यांच्यातल्या एकाच्या लहान मुलाला संधिवात होता. हॉस्पिटलमध्ये मिळणारे पाण्याचे उपचार त्याला घरीही मिळावेत, म्हणून साध्या बाथटबमध्ये ठेवता येईल असा पंप या कुटुंबाने तयार केला. १९५६ मध्ये तो बाजारात आला. टबच्या भिंतीतच जेट बसवलेलं मॉडेल आलं १९६८ मध्ये. म्हणजे ज्याला आपण चैनीचा कळस समजतो, त्याची सुरुवात झाली एका आजारी मुलाच्या दुखऱ्या सांध्यांपासून. हा तपशील मला का कोण जाणे, पुढे बराच काळ आठवत राहिला.

'पाणी तेच राहतं' हे मी फोनवर आईला सांगितलं, तर पलीकडे दोन सेकंद शांतता. मग प्रश्न आला, 'म्हणजे कालचंच पाणी?' मी म्हटलं, 'अगं, फिल्टर असतो.' ती म्हणाली, 'आमच्याकडे घंगाळातलं उरलेलं पाणीसुद्धा दुसऱ्याला देत नसत.' आईचं लॉजिक तुम्ही हसण्यावारी नेऊ शकता. पण पुढे वाचा, ती अगदीच चुकीची नाही.

पाणी हलकं नसतं, राव!

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हे आपण सहावी-सातवीतच शिकलो, पण टब बघताना कुणाला आठवतंय? चार जणांच्या टबात साधारण हजार लिटर पाणी मावतं. झाला एक टन. टबचं स्वतःचं वजन धरा अडीचशे किलो. आत बसणारी चार माणसं, सत्तर किलोच्या हिशेबाने २८० किलो. एकूण दीड टनाच्या वर. म्हणजे एक मोठी कार तुमच्या टेरेसवर पार्क करून ठेवल्यासारखं. तीही कायमची.

हा टब दोन मीटर बाय दोन मीटर जागा व्यापतो, म्हणजे चार चौरस मीटर. भागाकार केला की दर चौरस मीटरला सुमारे ३८० किलो भार येतो. आता दुसरी बाजू बघा. इमारतीवर माणसांचा आणि सामानाचा किती भार धरायचा, हे आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकात दिलेलं आहे. राहत्या घराच्या खोल्या आणि बाथरूमसाठी तो आकडा साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर आहे, बाल्कनीसाठी ३०० आणि माणसं जाऊ शकतील अशा गच्चीसाठी १५०. गणित तुम्हीच करा.

माझ्या मैत्रिणीचा भाऊ स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. त्याला हे आकडे दाखवले, तर तो हसला नाही, हे विशेष. तो म्हणाला, 'ताई, स्लॅब उद्या सकाळी खाली येईल असं मी म्हणत नाही. डिझाइनमध्ये थोडा मार्जिन असतो. पण तो मार्जिन तुझ्या टबसाठी ठेवलेला नाही.' स्लॅब किंचित वाकला, तरी आधी वॉटरप्रूफिंगला तडे जातात. आणि मग टबचं पाणी सोडा, पावसाचं पाणीसुद्धा खालच्यांच्या सीलिंगवर नकाशे काढायला लागतं.

म्हणून पहिला नियम. टब बघायला जाण्याआधी बिल्डरकडून आरसीसी ड्रॉइंग मिळवा आणि ती एखाद्या इंजिनिअरला दाखवा. त्याचं उत्तर लेखी घ्या, मग सोसायटीची परवानगी काढा. 'अमक्याने बसवलाय की!' हा पुरावा नव्हे. तळमजला असेल, बंगल्याचं अंगण असेल, खाली भरीव जमीन असेल, तर हा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो.

आमच्या टेरेसची ड्रॉइंग बघून त्याने चार जणांच्या टबावर काट मारली. पण बेडरूमच्या भिंतीलगत, जिथे खाली बीम आहे, तिथे दोघांचा छोटा टब बसू शकेल, असं तो म्हणाला. सहाशे लिटरचा. त्याचं कोटेशन आलं तीन लाखांचं. नवऱ्याचा चेहरा पुन्हा उजळला. केस अजून ओपन होती.

टँकरच्या शहरात डुंबणं

आपल्याकडे शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं, असं धरून पाणीपुरवठ्याच्या योजना आखल्या जातात. हजार लिटरचा टब एकदा भरला की एका माणसाचं आठवडाभराचं पाणी संपलं. साधारण तीन महिन्यांनी हे पाणी काढून नवं भरावं लागतं.

इथे एक गंमत आहे. बाथटबपेक्षा हॉट टब पाणी वाचवतो! बाथटबात एका वेळी दोनशे लिटर धरा. आठवड्यातून दोनदा डुंबलात तर तीन महिन्यांत पाच हजार लिटरहून जास्त पाणी गटारात जातं. हॉट टबचं तेच हजार. त्यामुळे पर्यावरणाच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपली बाथरूम बघावी.

पण हिशेब एक आणि लाज एक. बाणेर, वाकड, वाघोलीला राहणाऱ्यांना एप्रिल-मे म्हणजे काय ते सांगायला नको. सोसायटीच्या ग्रुपवर 'आज संध्याकाळी सहा ते आठ पाणी येईल' असा मेसेज, गेटवर टँकरची रांग आणि तुम्ही वर टेरेसवर पाइप लावून टब भरताय! खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटणारच आहेत. शिवाय बोअरचं आणि टँकरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं. गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर साचतो, तसाच तो टबच्या हीटरवरही साचतो. म्हणजे पाणी तपासून घेणं आणि गरज पडल्यास सॉफ्टनर बसवणं आलं. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो.

टब रिकामा करतानाही विचार लागतो. क्लोरीन असलेलं पाणी तसंच झाडांना घातलं तर झाडं माना टाकतील. क्लोरीन टाकणं थांबवून, झाकण उघडं ठेवून ते उतरू द्यावं लागतं. आणि सहाशे लिटर पाणी एकदम सोडलं तर टेरेसची जाळी ते ओढेल का, हेही बघा.

शनिवारच्या मूडसाठी दुपारचं बटण

आता वीज. हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला सुमारे १५ युनिट लागतात. हे साधं भौतिकशास्त्र आहे, यात कुठल्याही कंपनीची ऑफर चालत नाही. तुलना हवी? पंधरा लिटरचा गीझर पंचवीस वेळा भरून तापवलात तर साधारण तेवढी वीज जाते. हीटर तीन किलोवॅटचा असेल तर पाच तास लागतात. म्हणजे रात्री नऊला रोमँटिक व्हायचं असेल तर दुपारी चारलाच बटण दाबायला हवं! डिसेंबरात पाणी मुळातच गार असतं, तेव्हा आणखी आधी.

थंड देशांत टब कायम तापलेलाच ठेवतात आणि वर जाड, उष्णता धरून ठेवणारं झाकण घालतात. आपल्याकडे आठवड्यातून एकदा बसायचं, तर कायम तापवणं म्हणजे रिकाम्या थिएटरात एसी लावून ठेवण्यासारखं आहे. आणि महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर स्लॅबने चढतात, हे विसरू नका. टबचे युनिट सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग स्लॅबमध्ये जाऊन बसतात.

वायरिंगचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. टबला स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअॅम्पिअरला ट्रिप होणारा आरसीसीबी हवाच हवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. सँक्शन्ड लोड पुरतो का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. पाणी आणि वीज एकत्र आले की जुगाडाला जागा नसते.

'कालचंच पाणी' आणि हॉलंडचं प्रदर्शन

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. कोमट पाणी आपल्याला जसं आवडतं तसं ते जिवाणूंनाही आवडतं. यातला सगळ्यात डेंजरस म्हणजे लेजिओनेला. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली, त्यावरून त्याला हे नाव मिळालं. साधारण २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात तो मस्त वाढतो. हॉट टबचं तापमान नेमकं त्याच पट्ट्यात!

१९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल या गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी, नुसता दाखवायला म्हणून एक व्हर्लपूल टब चालू ठेवला होता. त्यातल्या दूषित पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत पसरले. लोक फुलं बघायला आले होते, डुंबायला नव्हे. त्यातले किमान ३२ जण लेजिओनेलाच्या न्यूमोनियाने दगावले.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाहीये. मुद्दा एवढाच की हॉट टब ही विकत आणून विसरून जायची वस्तू नाही. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातं, म्हणून ते वरचेवर तपासावं लागतं. पाण्याचा पीएच साधारण ७.२ ते ७.८ आणि क्लोरीन किमान ३ पीपीएम, हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. टेस्ट स्ट्रिप्स स्वस्त असतात. फिल्टर धुवायचा, तो काही महिन्यांनी बदलायचा. टबात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करायची. जपानी लोक हेच शतकानुशतकं करतात. आधी बाहेर स्वच्छ आंघोळ, मग टबात नुसतं बसणं, म्हणून घरातले सगळे एकाच पाण्यात बसू शकतात. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे जमीन स्वतःच नवं पाणी पुरवत असते. तुमच्या टेरेसवर ते काम तुम्हालाच करायचंय. आठवड्याचा किमान अर्धा तास त्यासाठी बाजूला काढा. तो मावशींवर ढकलता येणार नाही.

डॉक्टर काय म्हणतात?

पाणी ४० अंशांच्या वर नको आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसणं नको. ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, प्रेशर उतरतं आणि उठताना चक्कर येऊ शकते. त्याच कारणाने ब्रोशरमधला तो उंच ग्लास बाहेरच ठेवा. दारू आणि गरम पाणी मिळून माणसाला झोप लावतात आणि पाण्यात लागलेली झोप कुठे नेईल सांगता येत नाही.

गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, शरीराचं तापमान असं वाढणं बाळासाठी चांगलं नसतं. आणि 'बाळाचं प्लॅनिंग' चालू असेल तर नवरोबांनीही रोज गरम पाण्यात बसू नये, शुक्राणूंना थंडावा लागतो. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात उतरवूच नका. घरात लहान मूल असेल तर कुलूप लागणारं झाकण ही ऐच्छिक अॅक्सेसरी नाही, ती गरज आहे. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना टबचा उपयोग होईल, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. पण टबची भिंत अडीच-तीन फूट उंच असते. ज्यांना बसमध्ये चढताना त्रास होतो, त्या तिथे चढणार कशा? गुडघ्यांसाठी घेत असाल तर पायऱ्या आणि धरायला दांडा आधी बघा, जेट किती आहेत ते नंतर.

तो सगळ्यात अवघड प्रश्न

हे सगळं करूनही छोटा टब शक्य होता. इंजिनिअरचा होकार मिळेल अशी जागा होती, तीन लाख बँकेत होते, पाण्याचा-विजेचा खर्चही झेपला असता. उरला एकच प्रश्न. आपण त्यात बसणार कधी?

कॅलेंडर काढलं. मार्च ते मे पुण्यात संध्याकाळीसुद्धा अंगाची काहिली होते, ४० अंशांच्या पाण्यात कोण उतरेल? (मुंबईकरांना तर बारा महिने फुकट स्टीम बाथ आहेच.) जून ते सप्टेंबर पाऊस. तेव्हा मजा येईल, पण वर शेड हवी आणि शेडला पुन्हा परवानगी हवी. म्हणजे खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चार महिने. त्यातही नवरा नऊच्या आत घरी येतो कधी?

मग मी एक आयडिया काढली. टबची जिथे जागा ठरली होती, तिथे खडूने चौकोन आखला. आत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ठेवल्या. पाय बुडवायला दोन टब, कपडे भिजवायचे असतात तेच, आणि गीझरचं गरम पाणी. अट एवढीच की पंधरा दिवस रोज वीस मिनिटं इथे बसायचं. मोबाइल आत. आणि नंतर दहा मिनिटं सफाईला द्यायची, टब पुसायचे, पाणी टाकायचं. जे या पंधरा दिवसांत जमेल, तेवढंच तीन लाखांच्या टबातही जमेल. नवरा म्हणाला, 'हे काय बालवाडीसारखं?' पण तयार झाला.

पहिल्या आठवड्यात आम्ही दोनदा बसलो. एकदा त्याचा कॉल लांबला, एकदा मला डेडलाइन होती, एकदा दोघंही सोफ्यावरच झोपलो, आणि बाकी दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकने खाल्ले. बसलो तेव्हाही पहिली पाच मिनिटं काय बोलावं हेच सुचेना. लग्नाला तीन वर्षं झालीत आमच्या!

दुसऱ्या आठवड्यात पाचदा जमलं. त्यातल्या तिसऱ्या दिवशी पाणी निवत आलं होतं. मी उठणार, एवढ्यात तो म्हणाला, 'अगं, आमच्या टीममधल्या तिघांना रिझाइन करायला सांगितलंय.'

'कधी?'

'महिना झाला.'

'आणि तुझं?'

'माझं नाव या वेळी नव्हतं. पुढच्या वेळचं माहीत नाही.'

मी पुन्हा खुर्चीत बसले. खाली रस्त्यावर कुणीतरी लांबलचक हॉर्न वाजवत होतं. मी विचारलं, 'मग तू टब कशाला बघत होतास रे?' तो बराच वेळ पायांकडे बघत राहिला. म्हणाला, 'वाटलं, टब आला की वाटेल सगळं ठीक चाललंय. तुलाही वाटेल.'

आमच्या फ्लॅटचा हप्ता ४८ हजार आहे. तीन लाख म्हणजे सहा हप्ते, थोडे जास्तच. त्या रात्री आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. माझ्या अडकलेल्या पेमेंट्सची यादी काढली, त्याच्या पीएफचा आकडा बघितला, कुठली सबस्क्रिप्शन्स बंद करायची ते ठरवलं. सासूबाईंना एवढ्यात सांगायचं नाही, हेही ठरलं. रात्रीचा एक वाजला. गंमत म्हणजे, शीण जावा म्हणून टब घ्यायचा होता ना? त्या रात्री तो महिन्याभरात पहिल्यांदा सलग सात तास झोपला.

मग घ्यायचा की नाही?

हे वाचून 'टब वाईट' असा निष्कर्ष काढू नका. ज्यांच्या घरात रोज संध्याकाळी चार माणसं एकत्र असतात, ज्यांचं अंगण जमिनीवर आहे, पाणी मुबलक आहे, महाबळेश्वर-पाचगणीसारखी थंडी आहे, किंवा ज्यांना फिजिओथेरपिस्टने पाण्यातले व्यायाम सांगितलेत, त्यांच्यासाठी ही खरंच चांगली वस्तू आहे. एका आजारी मुलासाठी तो पंप बनला होता, हे आठवतंय ना? गरज खरी असेल तर टब तिला पुरा पडतो.

फक्त शोरूममध्ये जाल तेव्हा रंग आणि लाइट्सच्या आधी हे विचारा. पाण्यासकट आणि माणसांसकट वजन किती? हीटर किती किलोवॅटचा? झाकणाची जाडी किती आणि ते किमतीत धरलंय का? फिल्टर पुण्यात मिळतो की बाहेरून मागवावा लागतो, आणि केवढ्याला? पंप बिघडला तर माणूस किती दिवसांत येतो? लिफ्टमधून टब वर जाईल का, की क्रेन लागेल आणि तिचे पैसे कोण देणार? सेल्समन शेवटच्या दोन प्रश्नांना 'मॅडम, ते होऊन जाईल' म्हणाला, तर तुम्हीही 'विचार करून सांगते' म्हणा. शक्य असेल तर एखाद्या रिसॉर्टमध्ये टबवाली रूम घेऊन दोन रात्री राहा. पहिल्या रात्री सगळ्यांनाच भारी वाटतं. दुसऱ्या रात्री तुम्ही आपणहून उतरता का, ते बघा.

आणि त्याआधी खुर्च्यांची टेस्ट करा. तिला कोटेशन लागत नाही.

आमच्या तीन लाखांची एफडी झाली आहे. नवऱ्याची नोकरी अजून आहे, बायोडेटाही अपडेट झालाय. सेल्समनचा फोन दर पंधरा दिवसांनी येतो, 'मॅडम, ऑफर संपत आलीय.' संपू दे की! या शनिवारी त्याच्या टीममधून गेलेल्या तिघांपैकी दोघं जेवायला येणार आहेत. खालच्या काकूंकडून दोन खुर्च्या मागून आणल्यात. टेरेसवर खडूचा चौकोन अजून आहे, त्यात चार खुर्च्या आरामात बसतात. इंजिनिअरला विचारायचीही गरज नाही.